दुखलं तर सांगा

रफूकाम दिसतंय, असं मास्तरांच्या दुकानात येऊन आजवर कुणी म्हणालं नव्हतं. वकीलबाईही मोठ्यानं म्हणाल्या नाहीत. त्यांनी काळा कोट पिशवीतून काढला, बाही उलगडून काउंटरवर ठेवली आणि, "मास्तर, हे जरा दारात नेऊन उजेडात बघता का?" एवढंच विचारलं. मास्तर कोट घेऊन दारात गेले. कोपराजवळचं भोक त्यांनीच आठ दिवसांपूर्वी बुजवलं होतं. ते कुठं होतं हे त्यांना सापडेना, आणि न सापडणं हीच तर कामाची पावती, म्हणून ते मनातल्या मनात खूश झाले. बोट फिरवलं तेव्हा बोटाला ती जागा लागली. वीण विणीत अशी मिसळली होती की नखही अडखळू नये. "मला तर बाई काहीच दिसत नाही," ते थोड्या तोऱ्यातच म्हणाले. वकीलबाई दारापर्यंत आल्या. मग शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, "मास्तर, दोरा निळा आहे."

मास्तरांनी हसून वेळ मारून नेली. कोट ठेवून घेतला, चार दिवसांनी या म्हणाले, बाई गेल्यावर शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसले.  दोऱ्यांच्या पेटीत काळ्याचा खण उजवीकडे आणि निळ्याचा डावीकडे, ही मांडणी वडिलांच्या काळापासूनची. दोन्ही खण त्यांनी समोर ओढले आणि दोन्हींत त्यांना एकाच रंगाची रिळं दिसली. म्हणजे कधीपासून? गेलं वर्षभर दुकान मळकट दिसतंय, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण दोष त्यांनी दिव्याला दिला होता. तीन दिवे बदलले. दिवे लावणाऱ्या कारागिराला बोलावून, तू पिवळा दिवा पांढरा म्हणून गळ्यात मारलास, असं भांडणही केलं. तो बिचारा शपथा घेत होता. भिंतींना चहाचं पाणी फासल्यासारखं दिसे, गिऱ्हाइकांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे, आणि मास्तर म्हणत, हल्ली लोकांची तब्येतच राहिली नाही. संध्याकाळी लेक आली तेव्हा त्यांनी काही न सांगता पेटी तिच्यापुढे सरकवली. "यातली निळी निवडून दे गं." तिनं अकरा रिळं काळ्याच्या खणातून काढली आणि अकरावं हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं काय विचारलं असतं ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून आधीच म्हणाले, "काही नाही."

या 'काही नाही'ची घरात थट्टा व्हायची. दाढेला गळू येऊन गाल टम्म फुगला तरी काही नाही. जिन्यावरून घसरून पाय काळानिळा झाला तरी काही नाही. बायको होती तेव्हा म्हणायची, यांना काय होतंय ते यांना विचारण्यापेक्षा भिंतीला विचारावं, भिंत लवकर सांगेल. तीही हसायची, लेकही हसायची, आणि मास्तरांना त्या थट्टेत आपली स्तुतीच ऐकू यायची. धंदाच तसा. सुई बोटात घुसली की माणूस दचकतो, दचकला की हात उडतो, हात उडाला की गिऱ्हाइकाच्या कापडावर रक्ताचा ठिपका. वडिलांनी दुकानात बसवलं त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: कळ गिळायची. टाका घेताना दम रोखायचा, छातीसुद्धा हलता कामा नये. दोरा पार झाला की सोडायचा. मास्तर ते शिकले आणि इतके पक्के शिकले की पुढं दम रोखतोय हेही त्यांना कळेनासं झालं. लेकीच्या शाळेचा निकाल ऐकतानासुद्धा ते दम रोखून उभे राहायचे.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, उजव्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं, डाव्यात नुसता दिवा मारून तो बाजूला केला. "हा कधी गेला?" "एकोणिसाव्या वर्षी." "कशानं?" "सुईचा तुकडा." त्यांनी पुढं विचारलं नाही, लिहून घेतलं. मग खुर्ची पुढं ओढून मास्तरांच्या समोर बसल्या. लेक शेजारी होती, पण बाई बोलत होत्या मास्तरांशी. मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, काढायला हवा. एरवी फार काळजीचं काम नाही. पण काका, तुम्हाला हा एकच डोळा, तेव्हा मी जपूनच करणार. डोळ्यामागे सुई देऊन बधिर करता येतं, पण त्या सुईचा थोडासा का होईना धोका असतोच, तो या डोळ्याला नको. शिवाय मग डोळ्यावर पट्टी, म्हणजे तुम्हाला दिवसभर अंधार. आपण नुसत्या थेंबांवर करू. तुम्ही जागे असाल, माझं बोलणं ऐकू येईल. टोचणं कापणं कळणार नाही. दाबल्यासारखं, ओढल्यासारखं वाटेल. कधी कधी आत कळ येते. "दुखलं तर सांगा," त्या म्हणाल्या. "हलायचं नाही, नुसतं तोंडानं सांगायचं. माझ्याकडे आणखी औषध असतं, मी थांबते, घालते, मग पुढं जाते." मास्तर म्हणाले, "माझी काळजी करू नका. मी हूं की चूं करणार नाही." यावर त्या हसतील, असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. "तेच तर नकोय. सोसून अंग आवळलंत, दम धरलात, तर डोळ्यातला दाब वाढतो. एकच डोळा आहे. सोसू नका, सांगा." लेक खिडकीकडे बघत होती. खाली जिन्यात ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही सांगणार." मास्तर म्हणाले, "सांगेन की." आणि त्यांना स्वतःलाच ते खरं वाटलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी बाकावर बसवून सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन थेंब घालत होती. पहिला थेंब झोंबला, दुसरा कमी, तिसऱ्याचं नुसतं पाणी गालावर आलं तेव्हा थेंब पडला हे कळलं. बाहुली मोठी करायचे थेंब वेगळे, त्या थेंबांनी समोरची भिंत, दार, लेकीचा चेहरा सगळं विरघळून एक झालं. एकाच डोळ्यावर जगणाऱ्या माणसाला ते भलतंच वाटलं. त्यांनी बाकाची कड धरली. लेकीनं त्यांच्या मुठीवर हात ठेवला, तो तिचाच आहे हे त्यांनी अंगठीवरून ओळखलं. डावा डोळा गेला तो दिवस त्यांना आठवायचा नव्हता, म्हणून तोच आठवला. शिवणयंत्राची सुई जाड कापडात अडकून मोडली आणि टोकाचा तुकडा उडाला. एक बारीक चटका, बस. समोर गिऱ्हाईक उभं होतं, वडील त्याच्याशी बोलत होते. मास्तरांनी, म्हणजे तेव्हाच्या त्या पोरसवदा मास्तरांनी, डोळा मिटून काम पुरं केलं, मागे जाऊन पाणी मारलं आणि परत येऊन बसले. त्या दिवशी दुखलं, दुसऱ्या दिवशी डोकं फुटेस्तोवर दुखलं. कुणी विचारलं तर, काही नाही, कचरा गेलाय. तिसऱ्या दिवशी आईनं उशीवरचा डाग पाहिला. तेव्हाच्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेतलं होतं, पण दार उघडं होतं. पहिल्याच दिवशी आणला असता तर वाचला असता, असं ते म्हणाले. वडील त्यावर एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही. फक्त तेव्हापासून रस्त्यानं जाताना ते नेहमी मास्तरांच्या डाव्या अंगानं चालायचे. गर्दी असो, चिखल असो, बाजू बदलली की मुकाट्यानं मागून वळसा घेऊन पुन्हा डावीकडे यायचे. पंचवीस वर्षं चालले. मास्तरांना वडिलांचा कधी राग आला नव्हता. आता त्या बाकावर बसून, समोर काहीच दिसत नसताना, त्यांना प्रथमच वाटलं की त्या माणसालाही फार दुखत असणार. कुणी विचारलं नाही. घरात विचारायची रीतच नव्हती, कारण उत्तर ठरलेलं होतं.

आतल्या खोलीत गारवा होता. टेबल अरुंद होतं, डोक्याखाली मधे खळगा असलेली उशी. सिस्टरनं डोळ्याभोवती गार औषध चोळलं, चेहऱ्यावर कापड आलं, त्यावर चिकटणारं प्लास्टिक, मग डोळ्यापुरतं ते कापलं गेलं आणि पापण्या कशानंतरी उघड्या अडकवल्या. मिटायचा प्रयत्न केला, मिटेना. पण दुखलं नाही. डोळा आपला नसल्यासारखा झाला होता, कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. "काका, समोर दिवा दिसतोय? त्याच्याकडेच बघायचं." दिवा कसला, एक भलंमोठं पिवळं तळं होतं आणि त्यात काहीतरी हलत होतं. गार पाणी वाहून कानामागे गेलं. मग त्यांना कपाळावर एक हात टेकलेला जाणवला. करंगळीची कड तेवढी टेकली होती, वजन जवळजवळ नाही. मास्तरांना इतकं बरं वाटलं की काय सांगावं. कापडावर ते स्वतः असाच हात टेकायचे. करंगळी घट्ट, बाकीची बोटं मोकळी, म्हणजे सुई थरथरत नाही. हात बसलाय बाईचा, ते मनाशी म्हणाले. त्यांना माणसं ओळखता येत नसत, हात ओळखता येत.

"आता बारीकसा छेद घेते." काही कळलं नाही. नुसतं पिवळं तळं एका बाजूनं सुरकुतलं. मास्तरांनी जीभ हलवायची परवानगी आहे की नाही याचा विचार केला आणि विचारलंच, "टाके किती घालणार?" "टाका नाही काका. छेद एवढा लहान असतो की आपोआप मिटतो." मास्तर आतल्या आत दुखावले. टाक्याशिवाय मिटतं, म्हणजे आमच्यासारख्यांनी करायचं काय? हे मात्र ते बोलले नाहीत. यंत्र सुरू झालं, त्याचा आवाज चढत गेला, उतरला, पुन्हा चढला. तळ्याचे तुकडे व्हायला लागले. आणि आतमध्ये कुठंतरी, डोळ्यात म्हणावं तर डोळ्यात नाही, भुवईच्या मागे, एक ओढ लागली. आधी नुसती ओढ. मग तिची कळ झाली.

मास्तरांनी ती गिळली. ठरवून गिळली असं नाही. ती गिळली गेली. पायाची बोटं आत वळली, दात दातांवर बसले आणि छाती थांबली. बाईंची सुई आत नाजूक ठिकाणी आहे हे त्यांना हातावरून कळत होतं, आणि कुणीही नाजूक टाका घेत असताना मास्तरांचा दम आपोआप थांबायचा. मदत म्हणूनच. छाती हलली तर हात हलेल. ते स्वतःचा डोळा स्वतःच धरून बसल्यासारखे निजले होते. कपाळावरचा हात थबकला. "काका, श्वास रोखू नका." आवाज शांत होता, पण त्यातला सूर बदलला होता. "दाब वाढतोय. श्वास घ्या." मास्तरांनी घेतला, थोडासा, चोरून. कळ पुन्हा आली, मोठी, आणि दम पुन्हा बसला. "काका?" यंत्राचा आवाज बंद झाला. "दुखतंय का?"

काही नाही. ओठांवर शब्द तयार होते, पन्नास वर्षं वापरून गुळगुळीत झालेले. जिन्यातला लेकीचा आवाज, उशीवरचा डाग, उघडं दार, सगळं एकदम त्या तळ्यात येऊन पडलं. हा गेला तर अंधार. वकीलबाईंचा कोट तसाच राहील, रस्त्यावर कोण कुठल्या बाजूनं चालतंय हे विचारायलाही अर्थ उरणार नाही, आणि लेक आयुष्यभर म्हणत बसेल, मला माहीत होतं बाबा सांगणार नाहीत. एवढं सगळं कळत असून तो एक शब्द निघेना. आश्चर्य म्हणजे लाज वाटत होती. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला, तोंडावर कापड असताना, चार अनोळखी भिंतींत, लाज. मग त्यांच्या लक्षात आलं की बोलायचं तर दम सोडावा लागतो. रोखलेल्या दमात शब्द निघतच नाही. त्यांनी दम सोडला. तो लांबलचक निघाला, आणि त्याच्या शेवटाला एक बारीक, लहान मुलाचा वाटावा असा आवाज आला.

"दुखतंय."

कुणी हसलं नाही. कुणी, थोडंच राहिलंय, सोसा, असंही म्हणालं नाही. "बरं झालं सांगितलंत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सिस्टर, आतून द्यायचं औषध द्या. काका, सगळं जिथल्या तिथं आहे, काही बिघडलेलं नाही. आता गार लागेल. मी थांबलेय." आणि त्या खरोखरच थांबल्या. मास्तर वाट बघत होते की आता कुणीतरी सुस्कारा टाकेल, घड्याळाकडे बघेल, पण करंगळी कपाळावर तशीच टेकलेली होती. आत काहीतरी गार पसरलं. कळ कमी झाली, मग कुठं होती ते शोधावं लागलं, मग शोधूनही सापडेना. एवढं सोपं होतं? एक शब्द, चार थेंब. मास्तरांना वाटलं, आत्ता कुणी विचारलं तर आपण देव वगैरे सगळं मान्य करू. त्या न दिसणाऱ्या बाईचे, त्या सिस्टरचे, ज्यानं कुणी हे औषध पहिल्यांदा शोधून काढलं त्या कुठल्या काळातल्या माणसाचे त्यांना पाय धरावेसे वाटले. आणि त्याच वेळी डावा डोळा, जो काही बघत नव्हता, तो कापडाखाली वाहायला लागला. एकोणिसाव्या वर्षी तो एवढंच मागत होता. सांग कुणालातरी, म्हणत होता. "आता?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "आता नाही," मास्तर म्हणाले, आणि खरं बोलल्याची एक वेगळीच चव तोंडात आली.

पुढचं काम ते नुसतं बघत होते. श्वास घेत होते, सोडत होते. मधेच बाई आपणहून म्हणायच्या, छान, असंच. तळ्यातला पिवळेपणा तुकड्यातुकड्यानं निघून चालला होता. शेवटचा तुकडा गेला आणि जे उरलं ते पांढरं होतं, आणि पांढऱ्याच्या कडेनं निळं. कुठल्याही रिळावर नसेल असं निळं. मास्तरांच्या तोंडून, "अगं आई गं," निघालं. "दुखतंय?" "नाही नाही. छान आहे हो." सिस्टर खुदकन हसली. घडी घातलेलं भिंग आत सरकलं आणि उलगडलं, तेवढं त्यांना कळलं. घडी उलगडते ती त्यांना कुठंही कळली असती.

"झालं काका." प्लास्टिक सोललं गेलं, कापड निघालं, पापण्या सुटल्या. पट्टी नव्हती. आधी नुसता लखलखाट दिसला, मग त्यात एक डाग, डागाची टोपी झाली, मुखपट्टी झाली आणि दोहोंच्या मधे दोन डोळे. पाण्यातून बघितल्यासारखं हलत होतं, पण दिसत होतं. दिसतंय, असं त्यांनी दोनदा सांगितलं. डॉक्टरबाईंनी मान डोलावली, हातमोजा काढला, दुसऱ्या कुणाला तरी काही सांगत स्टुलावर मागे टेकल्या आणि त्यांचा हात मानेमागे गेला. डोकं एका बाजूला झुकलं, मग दुसऱ्या. मास्तरांचा स्वतःचा हात दिवसातून किती वेळा तिथं गेला होता, याची गणती नव्हती. ते आडवे पडून त्या हाताकडे बघत राहिले. आयुष्यात बायकोला विचारलं नाही, वडिलांना विचारलं नाही. विचारायचं कसं हेही नीटसं ठाऊक नव्हतं.

"मान दुखते का हो तुमची?"

सिस्टर ट्रे आवरता आवरता थांबली. त्या टेबलावरून हा प्रश्न यायची पद्धत नसावी. "नाही हो काका, काही नाही," डॉक्टरबाई चटकन म्हणाल्या.  मास्तरांना घाई नव्हती. डोळा नवा होता, तो त्यांच्याकडे लावून ते नुसते थांबले, जशा त्या मघाशी थांबल्या होत्या. बाईंनी हात खाली घेतला, पुन्हा वर नेला.

"दुखते," त्या म्हणाल्या. "उजवीकडे. खूप दिवस झाले."

"कामात मधे मधे लांब बघायचं," मास्तर म्हणाले. "डोळ्यांसाठी नाही. लांब बघायला मान उचलावी लागते, म्हणून." डॉक्टरबाईंनी मान उचलली. दार उघडं होतं, पलीकडे लांब व्हरांडा होता आणि त्याच्या टोकाला बाकावर कुणीतरी बसलेलं होतं. ती लेक असावी. दोघंही तिकडे बघत राहिले.